मुक्त आज्ञावलीचा प्रसार

ज्या संगणकीय आज्ञावलीचा वापर, अभ्यास, फेरबदल आणि पुनर्वितरण करण्याचा अधिकार तिच्या परवान्यानेच प्रत्येक वापरकर्त्यास दिलेला असतो व त्यासाठी जिची मूळ संहिता खुली ठेवलेली असते, तिला मुक्त आज्ञावली म्हणतात. व्यवहारात ‘फ्री सॉफ्टवेअर’, ‘ओपन सोर्स’ किंवा ‘मुक्त स्रोत’ या नावांनीही ती ओळखली जाते. आज्ञावलीकार प्रथम माणसास वाचता येईल अशा भाषेत संहिता लिहितो. ती पुढे यंत्रसंकेतात रूपांतरित केली जाते. स्वामित्वाधीन आज्ञावलीच्या बाबतीत ग्राहकाच्या हाती केवळ हे यंत्रसंकेत येतात. कापड बाजारात यावे पण विणीचा आराखडा गिरणीतच राहावा, तशातला हा प्रकार होय. फरक इतकाच की, कापड उसवून वीण समजून घेता येते. यंत्रसंकेतांवरून संहिता पुन्हा उभी करणे मात्र अतिशय दुष्कर असते व पुष्कळदा परवान्यानेच त्यास मनाई केलेली असते. प्रस्तुत नोंदीत मुक्त आज्ञावलीच्या तांत्रिक रचनेपेक्षा ती सामान्य वापरकर्त्यापर्यंत, विशेषतः मुंबईतील मराठी वापरकर्त्यापर्यंत, पोहोचविण्याच्या प्रयत्नांचा विचार केला आहे.

इंग्रजीत स्वतंत्र व फुकट या दोन्ही अर्थांसाठी एकच शब्द असल्याने या चळवळीच्या प्रवर्तकांना आरंभापासून खुलासे करीत बसावे लागले. मराठीत ‘मुक्त’ आणि ‘मोफत’ हे दोन शब्द वेगळे असल्यामुळे हा घोटाळा होण्याचे कारण नव्हते. परंतु बाजारात ‘फ्री’ हाच शब्द रूढ झाला आणि त्याबरोबर तो गोंधळही आला.

पार्श्वभूमी : या विचाराचा उगम अमेरिकेतील मॅसॅचूसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या प्रयोगशाळेत झाला. सु. १९८० मध्ये तेथे आलेल्या एका नव्या प्रिंटरमध्ये कागद अडकला की सर्वांना त्याची सूचना मिळावी, अशी सुधारणा रिचर्ड स्टॉलमन (१९५३– ) यांना करावयाची होती. परंतु त्याची मूळ संहिता त्यांना नाकारण्यात आली. १९८३ मध्ये त्यांनी ‘ग्नू’ या संपूर्ण मुक्त संचालन प्रणालीची घोषणा केली, १९८५ मध्ये फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनची स्थापना केली आणि १९८९ मध्ये सामान्य सार्वजनिक परवाना प्रसिद्ध केला. या परवान्यातील मुख्य अट अशी की, मुक्त आज्ञावलीत सुधारणा करून ती इतरांना देणाऱ्याने आपली सुधारणाही त्याच अधिकारांसह दिली पाहिजे. फिनलंडमधील लिनस टोर्व्हाल्ड्स (१९६९– ) यांनी १९९१ मध्ये ‘लिनक्स’ हा प्रणालीचा गाभा तयार केला आणि पुढील वर्षी तो याच परवान्याखाली आणला. १९९८ मध्ये ‘ओपन सोर्स’ ही संज्ञा पुढे आली. फायरफॉक्स हा ब्राउझर, व्हीएलसी हा चित्रफीत-वादक, तसेच ओपनऑफिस व त्यापासून २०१० मध्ये वेगळा झालेला लिब्रेऑफिस हा कार्यालयीन संच ही सामान्य वापरकर्त्यास परिचित झालेली उदाहरणे होत. भारतात २००१ मध्ये तिरुवनंतपुरम येथे फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशन ऑफ इंडियाची स्थापना झाली.

सामान्य वापरकर्ता व किमतीचा मुद्दा : मुक्त आज्ञावलीची भलावण करताना बहुतेक प्रचारक तिला किंमत पडत नाही या गोष्टीवर भर देतात. मुंबईत हे प्रतिपादन फारसे परिणामकारक ठरले नाही व त्याचे कारण शहराच्या संगणक-व्यवहारातच आहे. भायखळा, कॉटन ग्रीन आणि रे रोड यांच्या मधली घोडपदेव ही गिरणी व गोदी कामगारांची जुनी वस्ती या दृष्टीने प्रातिनिधिक मानता येईल. अशा वस्त्यांत १९९० नंतरच्या काळात संगणक आला तो मुख्यतः लॅमिंग्टन रस्त्यावरील, म्हणजेच डॉ. भडकमकर मार्गावरील दुकानांतून सुटे भाग जोडून घेतलेल्या स्वरूपात. जोडणी करून देणारा कारागीरच त्यात संचालन प्रणाली, लेखनाची आज्ञावली, हिशेबाची आज्ञावली आणि मराठी फाँट भरून देत असे. त्यांपैकी किती परवानाधारक आणि किती नकला, हे विचारण्याची पद्धत नव्हती. ज्याला सर्व काही आधीच फुकट मिळाले आहे, त्याच्यापुढे फुकट मिळण्याचा लाभ सांगणे निरर्थक होते.

कायद्याच्या दृष्टीने मात्र या दोन ‘फुकट’ गोष्टींत मोठे अंतर आहे. प्रतिलिप्यधिकार अधिनियम, १९५७ यामध्ये १९८४ च्या दुरुस्तीने संगणकीय आज्ञावलीचा समावेश करण्यात आला. १९९४ च्या दुरुस्तीने घातलेल्या कलम ६३-ख नुसार आज्ञावलीची अनधिकृत नक्कल जाणूनबुजून वापरणाऱ्यास किमान सात दिवस ते कमाल तीन वर्षे कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. आर्थिक लाभाचा हेतू नसल्यास न्यायालय केवळ दंडावर सोडू शकते. घरगुती वापरकर्त्यास या कलमाची झळ सहसा लागली नाही. छोटा छापखाना, शिकवणी वर्ग, सनदी लेखापालाचे कार्यालय यांना ते लागू पडण्याचा संभव अधिक होता आणि मुक्त आज्ञावलीविषयी पहिली खरी विचारपूस झाली तीही बहुधा अशाच ठिकाणी. भीतीपोटी झालेला स्वीकार टिकाऊ नसतो, हेही खरे. धंदा वाढला की अनेकांनी परवाने विकत घेणेच पसंत केले.

लिपीचा प्रश्न : मराठी वापरकर्त्याच्या दृष्टीने अधिक मूलगामी प्रश्न लिपीचा होता. गिरणगावातील टंकन-छपाईच्या दुकानांतून, ज्यांस सर्वत्र ‘डीटीपी’ म्हणतात, लग्नपत्रिका, गणेशोत्सव मंडळांची पावतीपुस्तके व अहवाल, गृहनिर्माण संस्थांच्या सूचना आणि इतिवृत्ते तयार होत. त्यासाठी श्रीलिपी, आकृती आदी व्यापारी संचांतील फाँट वापरले जात. या फाँटांची योजना अशी की, संगणकाच्या स्मृतीत रोमन अक्षराचा किंवा चिन्हाचा क्रमांक साठविला जाई आणि पडद्यावर त्या क्रमांकाच्या जागी देवनागरी आकृती काढली जाई. काना, वेलांटी, अर्धी अक्षरे, रफार या प्रत्येकास स्वतंत्र क्रमांक असे आणि ते क्रमांक प्रत्येक कंपनीचे वेगळे असत. छापील कागदावर उत्कृष्ट दिसणारा मजकूर दुसऱ्या संगणकावर उघडला की निरर्थक रोमन चिन्हांची रांग दिसे. ऱ्हस्व वेलांटी उच्चारानुसार नव्हे तर दिसण्यानुसार, म्हणजे अक्षराच्या आधी, साठविली जात असल्याने शब्दशोध आणि अकारविल्हे मांडणी या साध्या क्रियाही होत नसत.

याचे परिणाम केवळ गैरसोयीपुरते मर्यादित नव्हते. उदाहरणादाखल सहकारी गृहनिर्माण संस्थेचे दप्तर घेता येईल. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० खाली नोंदलेल्या संस्थेस ‘आय’ नमुन्यातील सभासद नोंदवही, सभांची इतिवृत्ते आणि हिशेब ठेवावे लागतात. गिरण्यांच्या जमिनींवर कामगारांसाठी घरे झाली (घोडपदेव येथे न्यू हिंद मिलच्या जागेवर म्हाडाने अशी घरे बांधली), जुन्या चाळींचा पुनर्विकास होऊ लागला, तसतशा अशा संस्था वाढल्या. घर कोणाच्या नावावर, वारस कोण, हस्तांतर कोणत्या सभेत मंजूर झाले, या प्रश्नांची उत्तरे त्या दप्तरात असतात. ते एका विशिष्ट दुकानातील विशिष्ट फाँटमध्ये अडकले असेल आणि दुकान बंद पडले असेल, तर संस्थेजवळ केवळ कागदी प्रत उरते. तीही पावसाळ्यात वाचली तर. आपला मजकूर आपल्यालाच उघडता न येणे ही स्वामित्वाधीन व्यवस्थेची अडचण सामान्य माणसाला तत्त्वज्ञानातून नव्हे, तर अशा प्रसंगांतून कळते.

या अडचणीवरील उपाय प्रमाण संकेतप्रणालीत होता. भारतीय मानक ब्यूरोने १९९१ मध्ये ‘इस्की’ हे भारतीय लिप्यांचे मानक प्रसिद्ध केले. त्याच वर्षी निघालेल्या युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीत देवनागरीची मांडणी इस्कीच्या पूर्वरूपावर आधारलेली होती. युनिकोडमध्ये ‘क’ या अक्षरास २३२५ हा दशमान क्रमांक आहे आणि तो जगातील प्रत्येक यंत्रावर तोच राहतो. मानक प्रसिद्ध झाले तरी ते सामान्य यंत्रावर उतरण्यास दहाहून अधिक वर्षे लागली. विंडोज एक्सपी या २००१ मध्ये निघालेल्या प्रणालीत देवनागरीची सोय होती. परंतु ती मुळात बंद असे आणि चालू करण्यासाठी मूळ तबकडी लागे. नकलेवर काम चालविणाऱ्याकडे ती असण्याचा संभव कमीच.

मुक्त आज्ञावलीच्या कार्यकर्त्यांनी नेमके येथे लक्ष घातले. सु. २००० पासून ‘इंडलिनक्स’ या प्रकल्पाने लिनक्सचे भारतीय भाषांत रूपांतर हाती घेतले. मुंबईत जितेंद्र शहा आणि त्यांच्या ‘इंडिकट्रान्स’ गटाने ‘गार्गी’ हा देवनागरी युनिकोड अक्षरसंच मुक्त परवान्याखाली उपलब्ध केला. सायबरस्केप या कंपनीनेही ‘आकृती’ मालेतील नऊ भारतीय लिप्यांचे प्रत्येकी एक अक्षरसंच याच परवान्याखाली खुले केले. रेड हॅट कंपनीच्या ‘लोहित’ संचाने पुढे बहुतेक सर्व लिनक्स वितरणांत स्थान मिळविले. केंद्र शासनाने २००५ पासून हिंदी, तमिळ आणि नंतर मराठीसह अन्य भाषांच्या तबकड्या विनामूल्य वाटल्या. त्यांत अक्षरसंचांबरोबरच देशी भाषांतील ओपनऑफिसचाही समावेश होता. प्रगत संगणन विकास केंद्राने (सी-डॅक) डेबियन या लिनक्स वितरणावर बेतलेली ‘बॉस’ ही प्रणाली २००७ मध्ये प्रसृत केली.

या कामातील एक उणीव नोंदविणे आवश्यक आहे. आरंभीचे बहुतेक मुक्त अक्षरसंच हिंदी वळणाचे होते. मराठीतील ‘ल’ व ‘श’ यांची वळणे वेगळी आहेत. ‘तऱ्हा’, ‘दऱ्या’ यांसारख्या शब्दांतील अर्धा ‘ऱ’ तर हिंदीत लागतच नाही. हे बारकावे नसलेला अक्षरसंच वापरून छापलेली पत्रिका मराठी ग्राहक परत करतो. त्यामुळे तांत्रिक दृष्ट्या निर्दोष असूनही हे संच कित्येक वर्षे डीटीपीच्या दुकानांत शिरू शकले नाहीत. मुंबईच्या एक टाइप या गटाचे ‘मुक्ता’, ‘बलू’ यांसारखे दर्जेदार अक्षरसंच खुल्या परवान्याखाली आल्यावर ही स्थिती पालटू लागली. इतकी वर्षे ज्या कारणाने नकार मिळाला ते कारण सौंदर्यदृष्टीचे होते, ही बाब प्रचारकांच्या ध्यानी फार उशिरा आली.

शिक्षण व नोकरी : वापरकर्त्याची सवय घडते ती पहिल्या वर्गात. महाराष्ट्रात २००१ पासून सुरू झालेला ‘एमएस-सीआयटी’ हा संगणक-साक्षरतेचा अभ्यासक्रम लक्षावधी लोकांनी केला आणि शासकीय नोकऱ्यांसाठी तो किंवा तत्सम प्रमाणपत्र आवश्यक ठरले. त्याचा भर विंडोज व मायक्रोसॉफ्ट ऑफिस यांवर राहिला. परळ-लालबागच्या वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याला त्यानंतर ‘टॅली’ शिकावे लागते. कारण हिशेबनिसाच्या नोकरीसाठी तेच विचारले जाते. अशा तरुणाला लिनक्स सुचविणे म्हणजे त्याच्या उपजीविकेच्या मार्गात एक अडथळा सुचविणे होय, असे त्याच्या घरच्यांना वाटल्यास ते चूक म्हणता येत नाही. याउलट केरळने ‘आयटी ॲट स्कूल’ या योजनेद्वारे शालेय संगणकशिक्षणच मुक्त आज्ञावलीवर आणले, शिक्षकांना प्रशिक्षण दिले आणि मल्याळम् लिपीच्या साधनांची त्यास जोड दिली. तेथील यशाचे श्रेय आज्ञावलीच्या गुणांइतकेच या शिक्षक-प्रशिक्षणास द्यावे लागते.

मुंबईत या दिशेने झालेल्या कामात पवईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पाचा उल्लेख करावा लागेल. प्रा. कण्णन मौद्गल्य यांच्या पुढाकाराने चाललेल्या या प्रकल्पात लिब्रेऑफिससारख्या आज्ञावलींचे सु. दहा मिनिटांचे दृक्‌श्राव्य पाठ तयार केले असून त्यांचे निवेदन मराठीसह अनेक भारतीय भाषांत उपलब्ध आहे. शिकणाऱ्याने पाठ थोडा पाहावा, थांबवावा आणि तेच शेजारी स्वतः करून पाहावे, अशी त्याची रीत आहे. निवेदन मराठीत असले तरी पडद्यावरील शब्द इंग्रजीच ठेवले आहेत. या निर्णयावर मतभेद होऊ शकतो. तथापि नोकरीच्या ठिकाणी इंग्रजी पडदाच समोर येणार, हे लक्षात घेता तो व्यवहारी दिसतो.

टॅलीस पर्याय म्हणून मुंबईत ‘ग्नूखाता’ ही द्विनोंदी हिशेबाची मुक्त आज्ञावली विकसित झाली. तिचे प्रमुख शिल्पकार कृष्णकांत माने हे दृष्टिहीन आहेत. लहान संस्था व दुकाने यांच्या गरजेस ती पुरेशी असली, तरी करसल्लागार ज्या स्वरूपात फाइल मागतो ते स्वरूप टॅलीचे असल्याने तिचा प्रसार मर्यादित राहिला. हिशेबाची आज्ञावली एकट्या दुकानदाराला निवडता येत नाही. त्याचा लेखापाल, बँक आणि घाऊक व्यापारी यांचेही मत त्यात गृहीत असते.

किमतीचा मुद्दा जेथे खरोखर निर्णायक ठरला असे एक क्षेत्र मात्र आहे. अंध व्यक्तींना पडद्यावरील मजकूर वाचून दाखविणाऱ्या व्यापारी आज्ञावलींची किंमत बरेचदा संगणकाच्या किमतीहून अधिक असे. ऑस्ट्रेलियातील मायकेल करन यांनी २००६ मध्ये सुरू केलेली ‘एनव्हीडीए’ ही मुक्त आज्ञावली विंडोजवर चालते आणि ‘ईस्पीक’ या मुक्त वाचायंत्रणेच्या साहाय्याने मराठीही वाचते. तिचा आवाज यांत्रिक आहे. पण वापरणारे तो भरभर वेगाने ऐकण्याची सवय करून घेतात.

प्रसाराच्या रीती : मुंबईतील लिनक्स-वापरकर्त्यांचे गट १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून क्रियाशील होते. ‘इन्स्टॉल फेस्ट’ ही त्यांची आवडती पद्धत. वापरकर्त्यांनी आपापली यंत्रे घेऊन एकत्र यावे आणि जाणकारांनी त्यांवर लिनक्स बसवून द्यावे, असे तिचे स्वरूप असे. २००४ पासून जगभर पाळला जाणारा ‘सॉफ्टवेअर फ्रीडम डे’ हे अशा मेळाव्यांचे निमित्त होई. उबुंटूच्या प्रवर्तकांनी २००५ ते २०११ या काळात मागेल त्याला टपालाने तबकड्या विनामूल्य पाठविल्या, त्याही पुष्कळांच्या हाती आल्या.

या पद्धतीतील कमकुवत दुवा मेळाव्याच्या दुसऱ्या दिवशी उघड होतो. प्रिंटर चालत नाही, डोंगल जोडला जात नाही, शासकीय संकेतस्थळ एका ठरावीक ब्राउझरशिवाय उघडत नाही, अशा तक्रारी घेऊन वापरकर्ता जातो तो कोपऱ्यावरच्या दुरुस्ती करणाऱ्याकडे. त्यास लिनक्स येत नसल्याने तो यंत्र पुसून पुन्हा विंडोजची नक्कल भरून देतो. एका दुपारच्या या कामात त्याचे मानधन सुटते. त्याला दोष देण्यात अर्थ नाही. प्रचारकांनी विद्यार्थ्यांना व प्राध्यापकांना पुष्कळ शिकविले, दुरुस्ती करणाऱ्यांना मात्र क्वचितच. वस्तुतः वस्तीतील आज्ञावलीची निवड त्यांच्याच हाती होती.

अनुभवाने असेही दिसून आले की, संपूर्ण प्रणाली एकदम बदलण्यापेक्षा आधी विंडोजवरच फायरफॉक्स, व्हीएलसी, लिब्रेऑफिस यांची सवय करून द्यावी आणि नंतर खालची प्रणाली बदलावी, हा क्रम अधिक टिकतो. जर्मनीतील म्यूनिक नगरपालिकेने २००३ मध्ये लिनक्सचा निर्णय घेऊन हजारो यंत्रे त्यावर आणली. पण २०१७ मध्ये विंडोजकडे परतण्याचे ठरविले. साधनसंपन्न नगरपालिकेची ही कथा, तर एकट्यादुकट्या वापरकर्त्याची काय, असा आक्षेप तेव्हापासून घेतला जातो. भारतात केंद्र शासनाने २०१५ मध्ये शासकीय कामात मुक्त स्रोत आज्ञावलीस प्राधान्य देण्याचे धोरण जाहीर केले; परंतु तालुका किंवा प्रभाग पातळीवरच्या टेबलापर्यंत धोरणाचा कागद पोहोचणे आणि आज्ञावली पोहोचणे यांत अंतर आहे.

भ्रमणध्वनीने या चर्चेचे स्वरूपच बदलले. २००८ पासून प्रचारात आलेली अँड्रॉइड प्रणाली लिनक्सच्या गाभ्यावर उभी आहे. त्यामुळे घोडपदेवच्या भाजीवाल्याच्या हातातही आज लिनक्स असण्याचा संभव मोठा आहे आणि तो युनिकोड मराठीत निरोप पाठवितो. लिपीचा प्रश्न अशा रीतीने बहुतांशी सुटला. मात्र संहिता वाचण्याचा व बदलण्याचा अधिकार त्या फोनवर व्यवहारात फारसा उरलेला नाही. नित्याची बहुतेक ॲप स्वामित्वाधीनच असतात. प्रसार झाला तो आज्ञावलीचा, तिच्याबरोबरच्या अधिकारांचा नव्हे.

घरातील व संस्थांतील जुन्या संगणकांचा प्रश्न १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नियमित आधार संपल्याने नव्याने उभा राहिला. घरगुती वापरकर्त्यांस १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची वाढीव मुदत देऊ करण्यात आली. परंतु विंडोज ११ साठी लागणारा सुरक्षा-घटक व प्रक्रियक जुन्या यंत्रांत नसल्याने ती सुस्थितीत असूनही अधिकृत रीत्या अद्ययावत करता येत नाहीत. ‘एंड ऑफ टेन’ या आंतरराष्ट्रीय मोहिमेने अशा यंत्रांवर लिनक्स बसविण्याचा आग्रह धरला आहे. ज्या यंत्रावर पत्रव्यवहार, सभासदांची यादी आणि इतिवृत्ते एवढेच काम चालते, त्यास लिनक्स मिंटसारखे वितरण पुरते. तत्पूर्वी प्रिंटरचे प्रतिमान तपासावे लागते, अंकीय स्वाक्षरीची चावी चालते की नाही हे पाहावे लागते आणि टॅली अपरिहार्य असल्यास त्यासाठी दुसरे यंत्र ठेवावे लागते. जुन्या फाइलींच्या दोन नकला आधी काढून घ्याव्या लागतात. त्या फाँटमधील मजकुराच्या असतील, तर रूपांतरक आज्ञावलीने त्या युनिकोडमध्ये आणता येतात. मात्र जोडाक्षरे व रफार यांत चुका राहतात आणि त्या नावांतच अधिक असतात. म्हणून प्रत्येक नाव कागदी नोंदवहीशी ताडून पाहीपर्यंत मूळ फाइल व तिचा फाँट जपून ठेवतात.